उद्घाटनापूर्वी चालू करू नये

गाडी उंब्रजच्या अलीकडं अडली. पुढं उसाच्या ट्रॉल्या होत्या, एकीला दुसरी जोडलेली, आणि ट्रॅक्टरच्या कर्ण्यांतून गाण्याच्या नावाखाली नुसता धडधडाट येत होता. खिडकीतून मळीचा वास आत आला. धड गोड नाही, धड आंबट नाही, काहीतरी उकळून उतू गेल्यासारखा. गळीत हंगाम सुरू झाला होता. तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निमंत्रण आलं होतं. पलूस भागातल्या आमच्या त्या कॉलेजात आता कृत्रिम बुद्धिमत्ता कक्ष उभा राहिलाय. वर साहेबांचा फोटो, खाली संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, त्यांच्या खाली आणखी बारीक फोटो, आणि अगदी तळाला एक ओळ: उद्घाटनाची तारीख लवकरच कळवण्यात येईल.

मी हसले. शेजारच्या बाईंनी वळून बघितलं. तोंडात आलेली थुंकी गिळावी लागली की माणूस कधीकधी हसतो, तसं ते हसणं होतं.

मळीचा वास आणि न चालणारी मशीनं ही माझ्या डोक्यात एकाच हंगामाची पिकं आहेत. बी.सी.एस.च्या दुसऱ्या वर्षी पायथन नावाची नवी भाषा अभ्यासक्रमात आली. पहिल्या वर्षी आम्ही सी शिकलो होतो, जुन्या लॅबमध्ये, एका मशीनवर तिघी-तिघी बसून, पुस्तकातलेच प्रोग्राम जसेच्या तसे टाइप करत. उन्हाळ्यात ती लॅब मोडली. नवी होणार होती. नवी झालीही. पावसाळा सरता सरता फरशी बसली, वातानुकूलन यंत्र बसलं, नवी कोरी मशीनं आली. दाराच्या चौकटीला लाल फीत लागली आणि दारावर टाइप केलेला कागद चिकटवला गेला: उद्घाटनापूर्वी मशीन चालू करू नये. हुकुमावरून.

हुकूम कुणाचा, ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या भागात ते लिहावं लागत नाही.

आम्ही खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघायचो. प्रत्येक पडद्यावर अजून प्लास्टिक होतं. दुपारी पश्चिमेकडून वारा आला, की वरच्या झडपेतून आत शिरायचा आणि सगळी प्लास्टिकं एकदम सळसळायची, कणसं भरलेल्या शाळवासारखी. बाहेर द्राक्षबागांत छाटणी उरकून फवारणी चालू असायची. ब्लोअरचा आवाज दिवसभर. मोरचुदानं निळे झालेले हात घेऊन माणसं रस्त्यानं जायची. सगळं चालू होतं, फक्त ती खोली बंद होती.

साहेबांना वेळ नव्हता. आधी कुणाचा तरी सत्कार होता. मग दौरा होता. मग कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, आणि त्याला मात्र वेळेवर जावंच लागतं, कारण ऊस थांबत नाही. तोड लांबली की वजन घटतं, सभासद बोंबलतात. ऊस वाळतो, म्हणून उसाला तारीख मिळते. मुली वाळत नाहीत, असा संस्थेचा समज असावा.

तर आम्ही पायथन फळ्यावर शिकलो. सर प्रोग्राम फळ्यावर लिहायचे, आम्ही जर्नलमध्ये उतरवायचो. मग एक रेघ मारून सर त्याखाली लिहायचे, आउटपुट, आणि उत्तरही फळ्यावर लिहून द्यायचे. आम्ही तेही उतरवायचो. त्या भाषेत आमच्या हातून एकदाही चूक झाली नाही. होणार कशी? चूक व्हायला आधी काहीतरी चालावं लागतं. फळ्यावरचं यंत्र कधी अडत नाही, कधी तापत नाही, कधी तांबड्या अक्षरांत आपल्याला खोटं पाडत नाही. सर त्यावर खूश होते. ते म्हणायचे, आपल्या मुलांचे प्रोग्राम अगदी स्वच्छ असतात.

मुलांपैकी ज्यांच्याकडं चांगले फोन होते ते फोनवर प्रोग्राम चालवून बघायचे. आमच्या वसतिगृहात तसल्या फोनला बंदी होती. मुली बिघडतात म्हणून. एका इमारतीत मशीन बिघडू नये म्हणून कुलूप, दुसरीत मुली बिघडू नयेत म्हणून कुलूप. या माणसांना आयुष्यात दुसरं काही सुचलेलंच नाही.

मी उंब्रजची. घरात भाताच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असायचे. आबा, म्हणजे माझे वडील, धरणग्रस्तांच्या कामात होते. पत्रकं मोजून घड्या घालणं हा माझा लहानपणीचा खेळ, आणि शाई लागलेल्या बोटांनी जेवणं ही सवय. त्यामुळं प्रत्येक गोष्टीचं पत्रक व्हावं असं मला वाटायचं. लॅबच्या दारावरच्या कागदाखाली दुसरा कागद चिकटवावा, त्यावर तीन सवाल लिहावेत, असा माझा बेत होता. माझ्या खोलीत राहणाऱ्या पूनमनं तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "तू कागूद चिटकव. मला मशीन पायजे."

पूनम आटपाडीच्या पलीकडची. तिच्या घरची मेंढरं दिवाळी झाली की कृष्णाकाठाला उतरायची, ऊस तुटून गेलेल्या रानात बसायची. आता घरचं थोडं डाळिंबही होतं, पण वाडीवर कालव्याचं पाणी अजून यायचं होतं आणि उन्हाळ्यात टँकरच होता. वसतिगृहाचा नियम असा, की एक जरी विषय राहिला तरी पुढच्या वर्षी जागा जाते. जागा गेली की पूनम परत वाडीवर. आणि पायथनच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर मशीनवर प्रोग्राम चालवून दाखवायचा होता, फळ्यावर नाही. ज्यांनी फोनवर हात बसवून घेतला ते निभावणार होते. पूनमनं ती भाषा कधी चालताना बघितलीच नव्हती.

तरी तिनं स्वतःचा एक प्रोग्राम लिहिला होता. फळ्यावरचा नाही, स्वतःचा. दुपारी मेसच्या ओट्यावर बसून ती तो जर्नलच्या मागच्या पानांवर लिहायची, खोडायची. प्रोग्राम आधी नाव विचारायचा, मग गाव, मग घरात माणसं किती, मेंढरं किती, टँकरमधून पिंपं किती मिळाली. आणि शेवटी सांगायचा, माणशी किती घागरी. तो तिनं घरी फोनवरून आईला वाचून दाखवला, तेव्हा आईनं एकच शंका काढली, की मेंढरांचं पाणी आधी काढून ठेवलंय का. नव्हतं काढलं. तिनं सगळाच भागाकार मेंढरांसकट केला होता. मग दोन दिवस ती तेवढीच ओळ घोटत बसली. जनावर आधी पितं, उरलेलं माणसांत वाटायचं. असला हिशेब आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. तिथं सगळे प्रोग्राम मूळ संख्या शोधायचे. कशासाठी, ते पुस्तकालाही माहीत नव्हतं.

तो प्रोग्राम सरांनी तपासला, आणि बरोबर म्हणून तांबड्या शाईनं खूण केली. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मध्येच आताची एक गोष्ट सांगते. मी आता साताऱ्यात प्रोग्राम लिहूनच पोट भरते. गेल्या वर्षी एका शाळेच्या कामासाठी पाचगणीला गेले होते. हिवाळ्याची सुरुवात होती, रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे खोके लागलेले. शाळेच्या गवतावर दहा-अकरा वर्षांची मुलं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. एकीच्या पडद्यावर चुकांची रांगच्या रांग आली. तिनं ती मैत्रिणीला दाखवली आणि दोघी खिदळत गवतावर आडव्या झाल्या. मग उठून बसल्या आणि दुरुस्त करायला लागल्या. मी बघत राहिले. चुकायची ऐपत अशी असते. घाट उतरला की त्याच वयाच्या पोरांना फळ्यावरचं उत्तर वहीत उतरवायला लावतात, आणि व्यासपीठावरून ग्रामीण गुणवत्तेवर भाषणं होतात. त्या पोरींबद्दल मला काही वाटलं नाही, त्या बिचाऱ्या खेळत होत्या. मला आमच्या भाषणांची किळस आली.

अखेर साहेबांची तारीख मिळाली. कॉलेजच्या अंगात आलं. रांगोळी कोण काढणार, औक्षण कोण करणार, फेटे कुठून आणायचे. आणि सर वर्गात येऊन म्हणाले, की लॅबचं उद्घाटन नुसती फीत कापून नको, साहेबांच्या हस्ते पहिला प्रोग्राम चालवायचा. साहेब एंटर दाबतील आणि पडद्यावर काहीतरी येईल. पहिल्या मशीनवर पूनम बसणार होती. ती हुशार होती म्हणून नाही. दुष्काळी भागातली मुलगी बातमीत लिहायला बरी पडते म्हणून.

पूनमला वाटलं, तिचाच प्रोग्राम चालणार. तिनं जर्नल पुढं केलं. सरांनी पहिली ओळ या वेळी नीट वाचली आणि चष्मा काढला.

"हा नाव विचारतो?"

"व्हय सर. आदी नाव, मग गाव."

"साहेबांना नाव विचारणार तू? अगं, या जिल्ह्यात साहेबांचं नाव कुणाला माहीत नाही?"

"मशीनला न्हाई म्हायती, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. मी तेव्हा त्या माणसाला भित्रा म्हणून मोकळी झाले, पण आज वाटतं, त्यांना धोका बरोबर कळला होता. आमच्याकडं नाव सांगायचं असतं ते लहानांनी. शिपायाला, कारकुनाला, फौजदाराला, दारात उभं राहून, बापाच्या नावासकट. मोठ्याला कुणी नाव विचारत नाही. त्याचं नाव चौकाचौकात टांगलेलं असतं. आणि हे यंत्र असं बेअदब, की समोर कोण बसलंय हे न बघता सगळ्यांना एकच प्रश्न एकाच आवाजात विचारतं. पूनमच्या आईला जो प्रश्न, तोच साहेबांना. वर पुढं, घरात माणसं किती आणि टँकर किती.

सरांनी मग स्वतः प्रोग्राम लिहिला. त्यात काही विचारणं नव्हतं, नुसतं छापणं होतं. कार्यसम्राट, शिक्षणमहर्षी, जलनायक, दोन्ही जिल्ह्यांचे भाग्यविधाते यांचे हार्दिक स्वागत. पदव्यांचा क्रम चुकू नये म्हणून ते फाटकावरच्या फ्लेक्ससमोर कागद घेऊन उभे राहिले आणि एकेक उतरवून घेतली. जगभर ही भाषा शिकणारी माणसं पहिल्या प्रोग्राममध्ये ‘हॅलो वर्ल्ड’ छापून जगाला नमस्कार करतात. आमचं जग फाटकापाशी संपत होतं. तिथं बांबूला बांधलेला एक फ्लेक्स होता, आणि तो आम्ही आता यंत्राला पाठ करायला लावत होतो.

रंगीत तालीमही झाली. मशीन चालू करायचं नाही म्हणून बंद पडद्यासमोर. एक शिक्षक साहेब झाले, त्यांनी प्लास्टिकवरूनच एंटर दाबलं, आणि काळ्या पडद्याकडं बघून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांना त्या पुरेशा जोरात वाटल्या नाहीत. आम्ही पुन्हा वाजवल्या.

खोलीवर आल्यावर मी पूनमला माझा बेत सांगितला. सरांच्या प्रोग्राममधली स्वागताची ओळ शेवटच्या क्षणी बदलायची. तिथं टाकायचं, पाणी कुठं आहे साहेब? सगळ्यांच्या देखत पडद्यावर येईल. मी भराभरा बोलत होते, डोळ्यांसमोर बातमी दिसत होती. पूनम केस विंचरत होती. तिनं फणी थांबवली.

"आन् माझा कवा चालायचा?"

मी म्हणाले, यात तुझाही मुद्दा येतोच की.

"मुद्दा न्हाई गं. प्रोग्राम हाय त्यो माझा. तुझं पत्रक न्हाई."

मला राग आला. बराच आला, पण त्या दिवसापासून माझी पत्रकं मला जरा वेगळी दिसायला लागली. आम्ही लोकांना किती सांगायचो. ठणकावून सांगायचो, ठळक अक्षरांत सांगायचो. तुमचं नाव काय, तुमच्या घरात माणसं किती, हे आमच्या कुठल्याच पत्रकानं कुणाला विचारलं नव्हतं. तुच्छतेला पात्र माणसं फक्त व्यासपीठावरच असतात असं नाही, एवढं मी कबूल करते. तरी व्यासपीठावर ती जास्त असतात.

तो दिवस उजाडला. धुकं होतं आणि धुक्यात मळीचा वास बसून राहिला होता. आम्ही सकाळपासून रांगेत उभ्या. दुपारी कळलं, की साहेब येणार नाहीत, पुतण्या येतोय. सर घामाघूम झाले, कारण प्रोग्राममध्ये पुतण्याचं नावच नव्हतं. मग ज्या मशीनला आम्ही महिनोन् महिने हात लावला नव्हता, ते सरांनी दार आतून लावून घेऊन चालू केलं, कागदावरचा प्रोग्राम टाइप केला आणि खाली एक ओळ वाढवली. हुकूम असा सोयीनं वाकतो.

पुतण्या आला, फीत कापली. नारळ दारातच फोडला, पाणी नव्या फरशीवर सांडलं. एका हातात फोन कानाला तसाच धरून त्यानं दुसऱ्या हातानं एंटर दाबलं. पडद्यावर त्याच्या काकाच्या पदव्या आल्या, खाली त्याचं नाव आलं. त्यानं पडद्याकडं बघितलंही नाही, फोटोवाल्याकडं बघितलं. पूनम शेजारी साडीत उभी होती, फोटोसाठी तिला हसायला सांगितलं गेलं. टाळ्या झाल्या. या खेपेला जोरात झाल्या. आणि सगळी वरात मांडवात जेवायला गेली.

खोलीत सर आणि आम्ही काही मुली उरलो. सर म्हणाले, चला, मशीन बंद करा, प्लास्टिक घाला. साहेब स्वतः पुन्हा पाहणीला येणार आहेत, तोवर सगळं असंच नवं राहायला पाहिजे.

पूनम खुर्चीवर बसली.

"ऊठ गं, जेवायला जा."

"माझा राह्यलाय, सर."

"काय राहिलंय?"

"प्रोग्राम."

तिनं सरांच्या उत्तराची वाट बघितली नाही. जर्नल मांडीवर घेऊन ती टाइप करायला लागली. साडीचा पदर तिनं कमरेला खोचला होता, एका बोटानं अक्षर शोधत होती, मधेच ओठ हलवत होती. मी तिच्या खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाहेर मांडवात माइकवर साहेबांचं नाव घेतलं जात होतं, दर वाक्याला एकदा. दारात आणखी मुली जमल्या. सरांनी दोनदा घड्याळ बघितलं, पण एवढ्या मुलींसमोर वायर उपटायची हिंमत त्यांना झाली नाही. भित्रेपणाचा कधीतरी उपयोगही होतो.

तिनं प्रोग्राम चालवला. पडद्यावर प्रश्न आला. इंग्रजी अक्षरांत पण आमच्याच भाषेत: तुमचं नाव काय? तिनं नाव टाकलं. गाव टाकलं. माणसं, मेंढरं, पिंपं टाकली. आणि एंटर दाबल्यावर तांबड्या अक्षरांची रांग खाली उतरली.

"बिघडवलंस," सर म्हणाले आणि मशीनच्या बटणाकडं त्यांचा हात गेला. "पहिल्याच दिवशी बिघडवलंस."

पूनमनं त्यांच्याकडं मान वळवली नाही. ती शेवटची तांबडी ओळ वाचत होती, एकेक शब्दावर बोट ठेवून.

"बिघडलं न्हाई सर," ती म्हणाली. "कुठं चुकलंय त्ये सांगतंय."

सरांचा हात हवेतच राहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. याच प्रोग्रामवर त्यांची तांबडी खूण होती. आपण आकडा टाकला तरी ही भाषा तो अक्षर म्हणून घेते, तो आकडा आहे हे तिला वेगळं सांगावं लागतं, एवढी साधी गोष्ट. कागदावर ती कुणाला दिसली नव्हती, कारण कागदाला काय लिहिलं तरी चालतं. त्या कॉलेजात आम्ही दीड वर्ष काढलं होतं. शाबासक्या मिळाल्या, दम मिळाले, हुकूम मिळाले. अमुक ओळीत अमुक चुकलंय, आता सुधार, असं आमच्या स्वतःच्या लिहिण्याबद्दल सरळ सांगणारं काहीतरी तिथं पहिल्यांदाच बोलत होतं. ते आपल्याला कधीपासून हवं होतं हे मला तेव्हा कळलं, आणि ज्यांनी ते फीत लावून कोंडून ठेवलं होतं त्यांच्याबद्दल जे वाटलं ते अजून तसंच आहे. वय वाढलं की राग निवतो म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

पूनमनं ओळ सुधारली. पुन्हा चालवला. आणखी एका जागी तेच झालं, तेही सुधारलं. तिसऱ्यांदा चालवल्यावर शेवटच्या ओळीत घागरींचा आकडा आला. मेंढरांचं पाणी वजा जाऊन. आकडा लहान होता. तिनं तो तोंडी हिशेब करून ताडून बघितला, आणि हलकंच म्हणाली, "बरोबर हाय." मग पदर सोडला, उठली, आणि दारातल्या मुलींमधून वैष्णवीला हाताला धरून आणलं. वैष्णवी आमच्याच वर्गातली, पलूसजवळच्या वाडीतली, वर्षभर शेवटच्या बाकावर बसून फळा उतरवणारी. तिला पूनमनं खुर्चीत बसवलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर प्रश्न आला. वैष्णवीनं तो वाचला. तिची बोटं कीबोर्डवर आली आणि थांबली. तिनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा खिडकीबाहेरच्या मांडवाकडं, आणि मग अगदी खालच्या आवाजात पूनमला विचारलं, "माझंच लिहू?"

"मग कुणाचं लिवतीस?" पूनम म्हणाली.